हलकी काठी

माझ्या आईला गळानं मासे धरायचा नाद होता. हे आज लिहायला सोपं वाटतं. त्या काळी आमच्या गावात ते कुणी असं सरळ बोलत नसे. पावसाळ्यात शेतात पाणी भरलं की बायका बांधाच्या तोंडाशी टोपल्या लावून बसायच्या, चिखलात कोपरापर्यंत हात घालून मरळ नि शिंगटी ओढून काढायच्या, वलगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात मासे वर चढतात तेव्हा, तर अख्खं गाव ओढ्यात उतरायचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण ते काम होतं. पण काठीला दोरा बांधून, गळाला गांडूळ लावून, पाण्याकडे बघत दगडावर बसून राहणं हे काम नव्हतं. ती चैन होती, आणि तीही रिकाम्या पुरुषांची. माझी आई नेमकं तेच करायची. धुणं घेऊन नदीवर जायची, धुणं खडकावर वाळत घालायची आणि मग करंजाच्या मुळाशी लपवून ठेवलेली काठी काढायची.

आमचं गाव पेज नदीच्या काठावर, कशेळ्यापासून चालत तासाभराच्या अंतरावर. वरच्या अंगाला वीजघर, त्यामुळे पेज उन्हाळ्यातही आटायची नाही. वरून पाणी सोडलं की आधी नुसता आवाज यायचा, कुणीतरी लांबवर सुपानं पाखडतंय असा. मग हळूहळू खडक बुडायचे. आईला त्या आवाजावरून कळायचं, आता मासा कुठे सरकेल ते. ती मूळची शेलूची. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून उल्हास नदीवर जाताना ते हिलाच बरोबर न्यायचे. काठी कशी निवडायची हे त्यांनीच तिला शिकवलं. मेसाचं, म्हणजे बारीक बांबूचं, बेट असेल तिथे पौषात अवसेच्या सुमारास जायचं, कारण तेव्हा तोडलेल्या मेसाला कीड लागत नाही. जून नको, कोवळा नको. मुळाकडे अंगठ्याएवढा आणि शेंड्याला गवताच्या काडीएवढा असा एकच मेस शोधायचा, धगीवर धरून सरळ करायचा, करंजाचं तेल पाजायचं आणि सावलीत वाळवायचा. एवढं झालं की ती काठी दोन बोटांत धरून हलकेच हलवायची. शेंडा थरथरून लगेच थांबला तर काठी चांगली. डुलत राहिला तर निकामी, थरथरलाच नाही तरी निकामी.

एवढे चोचले कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "खवल माशाचा ओठ कागदासारखा असतो गं. जाड काठी असली नि आपण झटका मारला तर ओठ फाटतो, मासा जातो. नुसता जात नाय, फाटक्या तोंडाचा जगतो. काठीनंच वाकाया पायजे. आपल्या हाताचा राग तिनं गिळाया पायजे."

तिनं आणलेल्या खवल्या ती हळद, तिखट, मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवायची आणि तव्यावर कुरकुरीत करायची. कधी चिंचेच्या कोळात कालवण. अगदी बारीक मासे असले तर केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर ठेवायची, पान काळं पडलं की घरभर असा वास सुटायचा की शेजारची काकू कुंपणापलीकडून विचारायची, "काय गं, आज नदीवर लई धुणं व्हतं वाटतं?" आई हसायची. बाबाही हसायचे. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की माझे वडील तापट होते. तसे ते नव्हते. भाताची शेती, दोन बैल, एक म्हैस, गावात कुणाशी तंटा नाही. स्वतःला गळ धरता यायचा नाही. ते आईला चिडवायचे, "तुज्या बापानं मला पोरगी दिली का कोळी दिला?" आणि दुसरी भाकरी मागून घ्यायचे.

मी कशेळ्याच्या शाळेत जायला लागले होते. माझा भाऊ नंदू तेव्हा चार वर्षांचा असेल. भात झोडून झालं होतं आणि गोठ्यावरच्या माळ्यात पेंढा रचून ठेवलेला होता. त्या दुपारी नंदू झोपला होता म्हणून आई काकूला हाक मारून, "जरा कान ठेव गं याच्याकडं," असं सांगून नदीवर गेली. काकूला मधेच कुणीतरी भातगिरणीवर बोलावून नेलं. नंदू उठला, घरात कुणी नाही, तो गोठ्यात गेला, माळ्यावर चढला आणि तिथून दगडी गव्हाणीवर पडला.

मी शाळेतून आले तेव्हा अंगणात माणसं होती आणि बाबा नंदूला खांद्यावर टाकून सडकेकडे पळत होते. नंदूच्या एका कानातून रक्त येत होतं. त्याची मान बाबांच्या पाठीवर नुसती हलत होती. सगळे त्यांच्यामागे धावले. सडकेवर एक मालाचा ट्रक थांबवला आणि त्यातून ते कर्जतला गेले. तो ट्रक सुटत असतानाच आई पोहोचली. अर्धी ओली, हातात गवताच्या काडीत ओवलेले मासे. तिनं ते कुठे टाकले मला आठवत नाही. ती ट्रकच्या मागच्या फळीला धरून चढली, पुरुषासारखी, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई एकटीच परत आली. म्हशीची धार काढायची होती, मी घरी होते. नंदू जगेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण अजून डोळे उघडले नव्हते. सकाळी बायका विचारायला आल्या, "पोरगं एवढ्या वर चढलं तरी कसं?" तेव्हा आई म्हणाली, "खांबाला धरून चढला असंल. माकडासारखा हाय." मग बायका म्हणाल्या ते त्यांना म्हणायचंच होतं. आई गळ टाकून बसते नि घरी पोर मरतं. तिच्या तोंडावर म्हणाल्या. आई ऐकत राहिली आणि म्हशीचं दूध घेऊन पुन्हा कर्जतला गेली.

नंदू वाचला. आठवड्याभरानं बाबा त्याला घेऊन आले. तो चालत होता, हसत होता, पण उजव्या बाजूनं हाक मारली तर बघत नव्हता. तो कान कायमचा गेला होता. अंगणात पुन्हा माणसं जमली, कुणी नारळ ओवाळून टाकला. काकू रडत होती. तेवढ्यात कुणीतरी, आता नाव लिहीत नाही, माणूसही राहिलेला नाही, म्हणालं, "आता तरी बायकोला आवर. न्हायतर अख्खं घर नदीत घालवंल."

बाबा नदीकडे निघून गेले. करंजाखालची जागा त्यांना ठाऊक होती. ते काठी घेऊन आले, अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि ती गुडघ्यावर मोडायला लागले. ती मोडेना. वाकली, अगदी गोल झाली, दोन्ही टोकं जवळ आली, तरी मोडेना. बाबांच्या कपाळावर शिरा उठल्या. त्यांनी सोडली तर ती सटकन सरळ झाली आणि कुणीतरी हसलं. मग त्यांनी ती जमिनीवर टाकली, मधे पाय दिला आणि एक टोक वर खेचलं. तेव्हा ती उभी चिरत गेली, फडकं फाडावं तसा लांब आवाज करत. तुकडे त्यांनी न्हाणीच्या चुलीत टाकले. आई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. तिनं एकदाच मान वर केली आणि लगेच खाली घातली. पण निवडलेले खडे ती पुन्हा तांदळातच टाकत होती, ते मला दिसलं.

त्यानंतर आई नदीवर गेली नाही. धुणं विहिरीवर नेऊ लागली. घरात मासे यायचे ते कशेळ्याच्या बाजारातून, किंवा पावसाळ्यात शेतातून. ती तसेच चवीनं करायची. बाबा पानावर पडलेला मासा खायचे आणि पुन्हा मागायचे नाहीत. ती विचारायची, "वाढू?" ते म्हणायचे, "पुरे." दोघांत भांडण नव्हतं. आई त्यांना वेळेवर भाकरी द्यायची, आजारपणात पाय चेपायची, लग्नकार्याला बरोबर जायची. फक्त संध्याकाळी वरून पाणी सोडल्याचा तो आवाज आला की ती हातातलं काम ठेवून क्षणभर ऐकायची, आणि बाबा तिच्याकडे बघायचे. हे मी किती वर्षं पाहिलं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

मी मॅट्रिक झाले त्या सुट्टीत बाबा एका सकाळी मला म्हणाले, "चल. मुंबईला जायाचं हाय."

"कशाला?"

"काठी घ्यायला. तुला तिची काठी आठवतीय. मला गळातलं काय कळत नाय."

ते याआधी मुंबईला एकदा की दोनदा गेले होते. धुतलेलं धोतर, काळी टोपी, कशेळ्यापर्यंत पायी, तिथून एसटीनं नेरळ, मग गाडी. आईला सांगितलं होतं, कुसुमच्या, म्हणजे माझ्या, पुढच्या शाळेची चौकशी करायला जातो. मुंबईत एका मोठ्या बाजारामागच्या गल्लीत जाळी, दोर, शिशाच्या गोळ्या आणि गळ विकणारी दुकानं होती. एका दुकानात पांढऱ्या दाढीचे, जाळीची टोपी घातलेले चाचा बसले होते. आमचं बोलणं ऐकून त्यांनी लगेच ओळखलं. "कर्जतकडचे का तुमी? आमी मुरूडचे. बसा." मग त्यांनी एक जाड, काळी, समुद्रातल्या माशांची काठी काढली. "ही घ्या. हिला कायच होणार नाय. मुलासाठी पायजे ना?"

बाबा म्हणाले, "नाय. बायकोसाठी."

मला वाटलं, आता ते हसतील. पण चाचांनी ती काठी गुपचूप परत ठेवली आणि विचारलं, "कुठचं पाणी? कुठचा मासा?" मी सांगितलं, नदी, खडक, काठावर झाडी, खवल आणि मळ्या. ते म्हणाले, "म्हणजे नाजूक तोंडाचा. मग हलकी पायजे. लांब नको, झाडात अडकेल." त्यांनी चार-पाच काठ्या काढून फळीवर ठेवल्या. काचेच्या धाग्यांपासून केलेल्या, परदेशी, दोन तुकड्यांच्या, अंगभर बारीक कड्या बसवलेल्या, मुठीला बुचासारखं मऊ लाकूड. अशा काठ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांच्यावर बसवायची चरखी वेगळी, तिला ते रीळ म्हणत होते. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, इतका बारीक की उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हता.

मी एकेक दोन बोटांत धरून आईसारखी हलवून बघितली. पहिलीचा शेंडा डुलत राहिला. दुसरी हलकीच नव्हती. चाचा रीळ लावून प्रत्येक काठी एका बोटावर तोलून दाखवत होते. तोल मुठीजवळ आला पाहिजे, शेंड्याकडे गेला तर थोड्या वेळात मनगट भरून येतं, म्हणाले. मग कापसाचा बोळा घेऊन तो प्रत्येक कडीतून फिरवला. एका काठीच्या कडीत कापसाचा तंतू अडकला, ती त्यांनी स्वतःच बाजूला काढली. "इथं तंगूस कापला जाईल. नंतर शिव्या मला." शेवटी दोन काठ्या राहिल्या. दोन्ही हलक्या, दोन्ही सुबक. मला फरक कळेना.

चाचा म्हणाले, "ही फक्त शेंड्याला वाकते. ही अर्ध्यापासून वाकते. तुमच्या बायकोच्या हातात आधी होती ती कुठून वाकायची?"

मला सांगता येईना. आईच्या काठीला मासा लागलेला मी कितीदा बघितला होता, पण माझं लक्ष माशाकडे असायचं. तेवढ्यात बाबा पुढे झाले. त्यांनी हवेतच दोन्ही हात लांब केले, जणू काठी धरली आहे, आणि हळूहळू वाकवायला लागले. "सुरवातीला शेंडा," ते म्हणाले. "मग हितनं. मग मुठीपरत. आख्खी गोल व्हायची. दोन्ही टोकं भेटाया यायची. पर मोडायची नाय." त्यांचे हात तसेच हवेत राहिले. "लई जोर लावला तरी मोडायची नाय."

चाचांनी त्यांच्याकडे बघितलं. काय समजले असतील ते समजले असतील. त्यांनी अर्ध्यापासून वाकणारी काठी कापडी पिशवीत घातली आणि म्हणाले, "मग हीच. हिच्यापेक्षा तिच्या जवळची माझ्याकडे नाय."

परतीला नेरळहून एसटी मिळाली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. बाबांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. गाडी खड्ड्यात गेली की ते आधी काठी सांभाळत. खिडकीबाहेर बघत ते एकदम बोलले. "शिडी माजी व्हती, कुसुम."

मला कळलं नाही.

"त्या दिवशी पेंढा काडला मी माळ्यावरनं. शिडी तशीच लावून शेतावर गेलो. पोरगं खांबाला धरून नाय चढलं. शिडीनं चढलं." ते काठीच्या पिशवीवरून हात फिरवत राहिले. "कर्जतवरनं आलो तर शिडी गोठ्यामागं, आपल्या जाग्यावर. कुनी ठिवली ठावं नाय. कुनी काय बोललं नाय, मग मीपन नाय बोललो. समदी तिला बोलत व्हती. मीपन त्यांच्यातच गेलो."

मी म्हटलं, "आईला सांगा."

"सांगतो," बाबा म्हणाले. "काठी दिऊ दे आदी."

घरी आल्यावर त्यांनी पिशवी आईसमोर ठेवली आणि पाय धुवायला निघून गेले. आईनं ती उघडली. कंदिलाच्या उजेडात दोन्ही तुकडे जोडले, कुणी न शिकवता. दोन बोटांत धरून हलवली. शेंडा थरथरला आणि थांबला. तिनं डोळे मिटले होते की खाली घातले होते, मला सांगता येणार नाही. बाबा दारात पायावरचं पाणी निथळत उभे होते. ती म्हणाली, "चांगली हाय." मग पुन्हा म्हणाली, "लई हलकी हाय." मग तिनं ती पिशवीत घातली आणि माजघरातल्या दोन खुंट्यांवर आडवी ठेवली. बाबांनी शिडीचं सांगितलं नाही.

ती काठी नदीवर गेली नाही. आधी आई म्हणायची, पाणी जरा उतरू दे. मग लावणी होऊ दे. मग नंदूची परीक्षा होऊ दे. बाबा वाट बघायचे. काही महिन्यांनी त्यांनी स्वतःच गांडुळं खणून नारळाच्या करवंटीत ठेवली. संध्याकाळी आईनं ती परसात नेऊन सोडली. मग बाबांना वाटायला लागलं की काठी चुकली. अंगणात बसून ते तिच्या शेंड्याला तंगूस बांधायचे, त्याला दगड लटकवायचे, कुठून वाकते ते बघायचे. "कुसुम, ही तिच्या काठीपरीस जरा ताठ हाय का गं?" मी म्हणायची, "नाही." ते मान हलवायचे. एकदा ते एकटेच मुंबईला जाऊन आणखी बारीक तंगूस घेऊन आले. एकदा आईला त्यांनी विचारलंच, "बदलून आनू का? दुकानदार ओळखीचा हाय." आई म्हणाली, "कशाला बदलायची? चांगली हाय की." त्यांचा विश्वास बसला नाही. चांगली आहे तर ही नेत का नाही, एवढाच प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असायचा, आणि त्याचं एकच उत्तर त्यांना सुचायचं: आपल्याला निवडता आली नाही. दुसरं उत्तर, तिनं आपल्याला माफ केलेलं नाही, हेही त्यांना सुचलं असेल. ते मला कधी म्हणाले नाहीत.

मी शिक्षिका झाले, लग्न होऊन खालापूरला गेले. सुट्टीत माहेरी आले की आधी खुंट्यांकडे नजर जायची. पिशवीवरची धूळ मात्र नेहमी पुसलेली असायची; ती आई पुसायची की बाबा, मी कधी विचारलं नाही. आज वाटतं, तेव्हा आमच्या घरात सगळेच एकमेकांना इतकं जपत होते की कुणीच कुणाशी धड बोललं नाही.

बाबा गेले ते एका कापणीच्या दिवसांत. शेतातून आले, छातीत भरून आलंय म्हणाले, ओट्यावर आडवे झाले आणि उठले नाहीत. आई तेव्हा त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली होती.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. एका दुपारी आई आणि मी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. नंदू बैल आणायला गेला होता. मी शेवटी म्हटलं, "आई, बाबांना एक सांगायचं होतं तुला. ते राहिलं. शिडी…"

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

मी सोलायची थांबले.

"कर्जतवरनं एकटी आले ना त्या पहाटे, धार काढायला, तवा बघितली. तशीच उभी, माळ्याला टेकून. लोक यायच्या आदी मीच उचलली नि गोठ्यामागं नेऊन ठिवली. त्यांच्यावर आलं असतं गं. पोरगं अजून डोळे उघडत नव्हतं. त्यांना ते सोसलं नसतं. मला काय, दोन बोल ऐकायचे व्हते."

"आणि काठी मोडली तेव्हा?"

"तवा वाटलं, ओरडून सांगावं. मग त्यांच्याकडं बघितलं. काठी मोडत नव्हती, नि ते रडत व्हते. कुनाला दिसलं नाय. मला दिसलं."

मी पुन्हा एक शेंग हातात घेतली. मी विचारलं, "मग नवी काठी आणल्यावर का नाही गेलीस? त्यांना वाटायचं, तू रागावली आहेस. त्यांना वाटायचं, काठी चुकली."

आईनं सूप बाजूला ठेवलं. "गेले व्हते," ती म्हणाली. "एकदा. तू खालापूरला गेलीस त्याच्यानंतर. हे बाजाराला गेले व्हते, नंदू शाळेत. काठी घेतली नि गेले. करंजाखाली बसले. टाकलं. लगेच खवल लागली. काठी अशी वाकली गं, अशी गोड वाकली…" तिनं हातानं दाखवलं. "नि तवाच वाटलं, घरी कायतरी झालंय. आता जाऊन बघावं तर अंगणात माणसं आसतील. मी मासा सोडला, पळत आले. नंदूची शाळा सुटायच्या आत त्याच्या वाटेवर जाऊन उभी ऱ्हायले. त्या दिवसापासनं समजले, आता मासा लागला की मला आनंद नाय व्हायचा. भीतीच व्हायची. मग कशाला जायाचं?"

"हे बाबांना सांगायचं होतंस."

"रोज वाटायचं, उद्या सांगीन. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आपन निस्ती काठी नाय मोडली. म्हनून गप ऱ्हायले. ते उद्या उद्या करत म्हातारे झाले, मीपन झाले."

नंदू बैल घेऊन आला. त्याची डावी बाजू आमच्याकडे असली की आम्ही हळू बोलायचो, कारण त्या कानानं त्याला सगळं ऐकू यायचं. आई उठली, पदर झटकला, त्यातली टरफलं अंगणात सांडली. आत जाता जाता ती दारात थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काठी नव्हती गं चुकली. एवढी चांगली काठी माज्या बापानंसुदिक कधी करून दिली नव्हती मला."

मग ती बैलांना पाणी ठेवायला गेली.